स्त्रीवादी वाचन म्हणजे नेमकं काय करायचं?

दिंडोरी तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "मॅडम, एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी एक ग्रामीण कादंबरी घेतली आहे. विषय 'कादंबरीतील स्त्रीचित्रण'. मार्गदर्शक म्हणाले, स्त्रीवादी दृष्टीनं कर. मी व्याख्या उतरवून काढल्या, पण कादंबरी समोर घेतली की काय करायचं तेच सुचत नाही. तोंडी परीक्षेत एका सरांनी विचारलं, हे सगळं पाश्चात्त्य आहे, आपल्या मातीशी त्याचा संबंध काय? मला उत्तर देता आलं नाही. माझी आई द्राक्षबागेत मजुरीला जाते, आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. मी काय शिकते, हे त्यांना तरी कसं सांगू?"

बाळ, तुझ्या विषयाच्या नावापाशीच मी आधी थांबले. नाशिकमध्ये मराठी शिकवायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली. 'स्त्रीचित्रण' हा शब्द नावात असलेले कितीतरी प्रबंध मी तपासले आहेत. बहुतेकांची प्रकरणं ठरलेली असतात: सोशिक आई, बंडखोर मुलगी, छळवादी सासू, परित्यक्ता. पात्रांची खानेसुमारी झाली की प्रबंध संपतो. त्यामागे मेहनत असते, मी ती नाकारत नाही. पण चित्र कुणी काढलं, कुठं उभं राहून काढलं आणि चौकटीबाहेर काय ठेवलं, हे विचारायचं राहूनच जातं. स्त्रीवादी वाचन तर तिथून सुरू होतं.

म्हणून व्याख्यांची वही तूर्त बाजूला ठेव आणि एक वाक्य घे. मराठी कथा-कादंबऱ्यांत ते तुला शेकडो वेळा भेटलं असेल: "इतक्यात आतून चहा आला."

चहा आला. कसा आला? चालत? कुणीतरी चूल किंवा स्टो पेटवला, आधण ठेवलं, दूध आहे का पाहिलं, कप विसळले, पदर सावरून दारापर्यंत आणून दिला. वाक्यात यातलं काहीच नाही. ओसरीवर दोन पुरुष गावच्या राजकारणावर बोलताहेत, त्यांच्या संवादाची ओळ न् ओळ लेखकानं टिपली आहे आणि चहा मात्र आपोआप आला. "भाकरी झाली होती", "पाणी तापलं होतं", "घर सारवलेलं होतं" ही सगळी याच घरातली वाक्यं. मराठीचं व्याकरण इथे मदतीला धावून येतं. 'आला', 'झाली', 'तापलं' अशा अकर्मक क्रियापदांत वस्तूच कर्ता होऊन बसते. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे चालतं. त्यामुळे काम करणारी गाळली तरी वाक्य अडत नाही. अडत नाही म्हणून आपल्याला खटकत नाही, आणि खटकत नाही म्हणून ते आपण वर्षानुवर्षं वाचत राहतो.

तुझ्या कादंबरीतलं एक प्रकरण घे, पेन्सिल घे आणि फक्त क्रियापदं अधोरेखित कर. प्रत्येकाशी कर्ता कोण आहे ते समासात लिही. बायका कोणत्या क्रियापदांच्या कर्त्या आहेत? रडणं, थांबणं, वाट पाहणं, गप्प बसणं? आणि विकत घेणं, ठरवणं, निघून जाणं, नाकारणं ही कुणाच्या वाट्याला आली आहेत? "मुलगी निफाडला दिली" या वाक्यात मुलगी कर्म आहे. "टाकलेली बाई" या शब्दात टाकणं ही क्रिया आहे, ती जिच्यावर झाली ती बाई आहे, आणि टाकणारा गायब आहे. बायको टाकणाऱ्या पुरुषासाठी आपल्या रोजच्या बोलण्यात एक शब्दसुद्धा नाही. हे दिसायला लागलं की तू स्त्रीवादी वाचन करायला लागलीस असं खुशाल समज.

आता त्या सरांच्या प्रश्नाकडे वळते. 'पाश्चात्त्य' म्हणून प्रश्न मोडीत काढायचा, ही सवय जुनी आहे, आणि तिला उत्तर देताना चाचरायचं कारण नाही. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर तान्ह्या मुलाला मारल्याचा खटला चालला. आधी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. 'पुणेवैभव' या वर्तमानपत्रात त्या निमित्तानं बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेणारं लेखन आलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्याला १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून उत्तर दिलं. स्त्रियांच्या माथी मारलेले दुर्गुण त्यांनी एकेक करून उचलले आणि प्रत्येकापाशी विचारलं की हाच दुर्गुण पुरुषात नाही का, असला तर त्याला नावं का ठेवत नाही? त्या विधवेचं मूल काही आभाळातून पडलं नव्हतं. मग खटल्यात, बातमीत आणि लोकांच्या बोलण्यात पुरुष कुठे आहे? ताराबाईंनी हरवलेला कर्ता शोधला. 'पितृसत्ता' हा शब्द त्यांच्याकडे नव्हता, पण त्यांची पद्धत तीच होती.

आणि पुस्तकाचं पुढे काय झालं तेही पाहा. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेत ताराबाईंची बाजू घेतली, त्यानंतर पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं. संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं तेव्हा १९७५ साल उजाडलं होतं. त्र्याण्णव वर्षं! या काळात मराठी वाङ्मयाचे इतिहास लिहिले गेले, निबंधपरंपरेची पिढ्यानपिढ्या चर्चा झाली. त्या चर्चेत हे पुस्तक का नव्हतं, हा प्रश्न केवळ ताराबाईंचा उरत नाही. 'चांगलं साहित्य' कुणी ठरवलं आणि कोणत्या मोजपट्टीनं, याचा तो प्रश्न होतो. स्त्रीवादी सिद्धांतानं साहित्याच्या अभ्यासात केलेला सर्वांत मोठा बदल मी हाच मानते. यादीत चार बायकांची नावं घालून भागत नाही, यादी करण्याची रीतच तपासावी लागते.

पश्चिमेकडून काय घ्यायचं ते मोकळ्या मनानं घे. व्हर्जिनिया वूल्फनं १९२९ मध्ये लिहिलं की बाईला लिहायचं तर पैसा आणि स्वतःची खोली हवी. सिमोन द बोव्हारनं १९४९ मध्ये मांडलं की बाई जन्मत नाही, घडवली जाते. एलेन शोवॉल्टरनं १९७० च्या दशकात बायकांच्या लेखनाची स्वतंत्र परंपरा शोधण्याची शिस्त दिली, आणि लॉरा मल्वीनं १९७५ मध्ये विचारलं की सिनेमातला कॅमेरा कुणाच्या डोळ्यांनी पाहतो. एवढी शिदोरी तुझ्या प्रकल्पाला पुरे. ही नावं प्रस्तावनेत एकापाठोपाठ ओतू नकोस. जिथे तुझ्या कादंबरीतलं एखादं पान त्यांच्यामुळे वेगळं दिसेल, तिथेच त्यांना बोलाव.

सिनेमाचं निघालं म्हणून सांगते. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, सहलीला गेली असशील. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, त्यात तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषानं केलं, कारण बाई मिळेना. हे आपण पाठ म्हणतो. पण त्याच चित्रपटाच्या कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, रसायनं कालवणं, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करणं, ही कामं सरस्वतीबाई फाळक्यांनी केली. पडद्यावर बाई नव्हती हे सगळ्यांना ठाऊक असतं. पडद्यामागे एक बाई फिल्म तयार करत होती हे फार थोड्यांना. संस्कृतीचा अभ्यास स्त्रीवादानं बदलला तो असा: कलाकृती कुणाची, या प्रश्नाच्या उत्तरात ती हातानं बनवणारी माणसंही मोजायला लागली.

स्मारकावरून तशीच पायऱ्या चढून तीन क्रमांकाच्या लेण्यात जा. व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर एक लांबलचक ब्राह्मी लेख आहे, प्राकृत भाषेतला, सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. आपण त्याला पुळुमावीचा बाप गौतमीपुत्र सातकर्णी याच्या पराक्रमाचा लेख म्हणून ओळखतो. पण लेख कोरवणारी, लेणं दान देणारी आहे त्याची आई, गौतमी बलश्री. ती स्वतःला महाराजांची माता आणि महाराजांची आजी म्हणवते. म्हणजे ओळख मुलाची आणि नातवाची. तरी क्रियापद पाहा: 'ददाति'. देते. कर्त्री ती आहे, कर्तरी प्रयोगात, दगडात कोरलेली. दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाची मुलगी आणि उषवदाताची बायको दक्षमित्रा हिनंही एक खोली दान दिल्याची नोंद आहे. मुलगी, बायको ही बिरुदं आहेतच, पण देणारी तीच.

मी विद्यार्थ्यांना तिथे घेऊन जाते तेव्हा या टप्प्यावर मुलींचे चेहरे खुलतात. मग मी त्याच लेखातला आणखी एक शब्द वाचायला लावते. मुलाची स्तुती करताना हीच बलश्री सांगते की त्यानं चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला. संकर थांबवायचा म्हणजे काय करायचं? कुणी कुणाशी लग्न करायचं यावर पहारा बसवायचा. आणि तो पहारा सगळ्यांत आधी बसतो बाईच्या देहावर. इथे बाई बोलते आहे, आणि बायकांना बांधणाऱ्या व्यवस्थेचं कौतुक करते आहे.

म्हणून सांगते, कर्ती सापडली की काम संपलं असं मानू नकोस. 'स्त्री' म्हणताना कोणती स्त्री, हे विचारल्याशिवाय स्त्रीवाद अपुरा आहे, आणि हा धडा आपल्याला बाहेरून आयात करावा लागला नाही. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मूळ जातीअंतर्गत विवाहात दाखवलं. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही जात टिकवण्याची साधनं कशी आहेत ते उलगडलं. इतिहासकार उमा चक्रवर्तींनी १९९३ मध्ये 'ब्राह्मणी पितृसत्ता' ही संकल्पना मांडली: जातीची उतरंड आणि बाईवरचा ताबा एकमेकांना टिकवून धरतात. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगेंनी १९९८ मध्ये दाखवलं की दलित स्त्रिया वेगळं बोलतात, आणि ते वेगळेपण केवळ त्यांचं दुःख म्हणून ऐकायचं नाही. सगळ्या समाजाकडे पाहण्याची ती एक जागा आहे. किंबर्ले क्रेनशॉनं अमेरिकेत काळ्या स्त्रियांच्या संदर्भात आंतरछेदाची, म्हणजे वंश आणि लिंग यांची दडपणं एकाच बाईवर एकत्र कशी येतात याची, मांडणी केली ती १९८९ ची. तिचं मोल मोठं आहे, पण मराठी विद्यार्थ्यानं आधी १९१६ चा निबंध वाचावा असं माझं ठाम मत आहे.

तुझ्या जिल्ह्यातच याचा दाखला आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. शाळेच्या पुस्तकात 'सत्याग्रही' हा शब्द येतो तेव्हा डोळ्यांपुढे पुरुष उभे राहतात. आंबेडकरी चळवळीतल्या बायका कुठे आहेत, म्हणून उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव फिरल्या, म्हाताऱ्या बायकांपाशी बसल्या, त्यांच्या आठवणी टिपून घेतल्या. त्यातून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. शीर्षकातलं 'ही' नीट वाच. एवढ्याशा अव्ययात केवढी तक्रार आहे! आणि नाशिकच्याच शांताबाई दाणी यांचं आत्मकथन आहे 'रात्रंदिन आम्हा'. तुकोबांची ओळ 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग'. शांताबाईंनी त्यातलं युद्ध वाचकाच्या मनात ठेवलं आणि 'आम्हा' वर शीर्षक थांबवलं. आत्मचरित्र असून 'मी' नाही, 'आम्हा' आहे. आत्मचरित्र म्हणजे एका व्यक्तीची गोष्ट, ही आपल्या समीक्षेची व्याख्या या एका शब्दानं डळमळते.

आता थोडं माझ्या आवडत्या पुस्तकाबद्दल, कारण त्यातून तुला एक धोकाही दाखवायचा आहे. लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १९३४ पासून चार भागांत आलेलं त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' मी दरवर्षी शिकवते. या पुस्तकाला आपल्याकडे ठरलेली विशेषणं आहेत: साधं, सहज, निरागस, प्रांजळ. बाईनं चांगलं लिहिलं की ते 'सहज' होतं, पुरुषानं चांगलं लिहिलं की ते 'समर्थ' होतं. कौतुकाच्या या शब्दांकडे संशयानं पाहायला स्त्रीवादानं मला शिकवलं.

सुरुवातीचा भाग घे. वडिलांना सोवळ्याचं वेड लागलेलं. बाजारातून आलेलं धान्यच काय, मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायची. मीठ धुवायचं! लक्ष्मीबाई इथे एकदाही म्हणत नाहीत की सोवळं वाईट, जात वाईट. त्या फक्त धुण्याचं वर्णन करतात आणि आपण हसत सुटतो. हसता हसता लक्षात येतं की पाण्यात काय काय विरघळून चाललं आहे, आणि त्या वेडाची झळ बायका-मुलांना कशी बसते आहे. पुढे त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्माचा बाप्तिस्मा घेतला, संसाराची ताटातूट झाली, आणि जात देवानं केली की माणसानं, या प्रश्नापर्यंत लक्ष्मीबाई स्वतः, स्वतःच्या पायांनी पोहोचल्या. तेव्हा मिठाचा प्रसंग पुन्हा आठवतो. पहिल्या पानांत पेरलेलं पुढे उगवतं. याला सहज म्हणायचं? ही रचना आहे, आणि फार कसबी हाताची आहे. पतीचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रावरचं काव्य याच बाईनं पुढे नेलं, त्यातले बहुतेक अध्याय तिचे आहेत, हेही आपण सांगायला विसरतो.

धोका म्हणाले तो हा: लक्ष्मीबाईंना 'स्त्रीवादी' असं लेबल चिकटवून मोकळं व्हायचा मोह होतो. तसं करू नकोस. टिळकांवर त्यांचं प्रेम आहे, राग आहे, त्यांच्या लहरींना त्या सोसतात आणि त्यांचीच गंमतही करतात. हे सगळं एका शब्दात बसत नाही. सिद्धांताचा उपयोग प्रश्न विचारण्यासाठी कर, गुण देण्यासाठी नको. तुझ्या कादंबरीचा लेखक पुरुष आहे म्हणून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. कदाचित "चहा आला" हे वाक्य त्यानं मुद्दाम लिहिलं असेल, आणि पुढच्या प्रकरणात आपल्याला स्वयंपाकघरात नेऊन त्याच चहाची दुसरी बाजू दाखवली असेल. ते शोध. सापडलं तर मनापासून दाद दे.

सरांचा 'आपल्या माती'चा मुद्दा मात्र मला सोडवत नाही. आपल्या गावाचं नावच घे. पंचवटीत पाहुण्यांना फिरवताना आपण सगळे सांगतो: "इथं शूर्पणखेचं नाक कापलं, म्हणून नाशिक." नाशिक नव टेकांवर वसलं अशीही म्हण आहे, पण लोकांच्या तोंडी जास्त आहे ती नाकाचीच गोष्ट. या वाक्यातही कर्ता नाही. वाल्मीकींच्या अरण्यकांडात तो आहे. तिथे शूर्पणखा आपली इच्छा बोलून दाखवते, दोघे भाऊ तिची थट्टा करतात, ती थट्टा तिला खरी वाटते, मग ती सीतेवर धावून जाते, आणि रामाच्या सांगण्यावरून लक्ष्मण तिचं नाक-कान कापतो. मूळ ग्रंथ एवढं सगळं सांगतो. आपण तीन शब्दांवर आणून ठेवलं. श्रद्धेला धक्का न लावता आपण विचारू शकतो की मधलं कुठे गेलं. आणि 'नाक कापणं' म्हणजे अब्रू जाणं, 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं', ही भाषा आपल्या तोंडात कशी रुळली? तुझा पुढचा प्रकल्प यावर होऊ शकतो.

शेवटी तुझी आजी. तिला काय सांगू, असं तू विचारलंस. तिला सांगण्याआधी तिच्याकडून ऐक. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या भरपूर आहेत. एक कल्पना त्यांत पुन्हा पुन्हा येते: सीतेला इतका सासुरवास झाला की तिनं तो देशोदेशीच्या बायकांना वाटून दिला. माझ्या घरात जे होतं ते फक्त माझं नशीब नाही, ते सगळ्यांच्या वाट्याला आलेलं आहे, आणि त्याची सुरुवात राजवाड्यात झाली, हे जात्यावर बसलेल्या बाईला ठाऊक होतं. 'खासगी तेच राजकीय' हे वाक्य अमेरिकेतल्या चळवळीत १९७० च्या आसपास छापलं गेलं. ते खरंच आहे. पण तुझ्या आजीनं ते पहाटे दळताना म्हटलेलं असण्याची दाट शक्यता आहे. सरांना हेच उत्तर दे.

ओव्यांना डोक्यावर घेऊन मात्र नाचू नकोस. त्यांत मुलगा हवा असल्याचे नवस आहेत, भावाची अतोनात थोरवी आहे, जातीचे शब्द आहेत. जसं बलश्रीला वाचलं तसंच त्यांनाही वाच. आणि आईला विचार की बागेत विरळणीची मजुरी बायकांना किती आणि फवारणीची पुरुषांना किती, हे कोण ठरवतं. ग्रामीण कादंबरीत शेतातली बाई दिसते तेव्हा हा हिशेब दिसतो का, ते मग तपास. बागेतलं काम तुझ्या आईइतकं कादंबरीकाराला ठाऊक असेलच असं नाही, आणि समीक्षा करताना ते ज्ञान पुस्तकी संदर्भाइतकंच वजनदार धरायचं.

येत्या रविवारी घरी जाशील तेव्हा एवढं कर. आजीच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड कर, कागदावर तिच्या उच्चारांतच उतरव, प्रमाण मराठीत सुधारू नकोस. आणि प्रत्येक ओवीखाली तिचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, आणि ती ओवी तिनं कुणाकडून घेतली ते लिही. तिची परवानगी आधी घे. 'एका ग्रामीण वृद्धेकडून मिळालेली ओवी' असं परिशिष्टात लिहून मला आणून दाखवलंस, तर मी ते परत करीन.